मेमूत आणि कूलरसमोर: इन-इअर हेडफोनची तुलना

इन-इअर हेडफोनची तुलना करणारे बहुतेक लेख आवाज, आराम आणि बाहेरचा गोंगाट अडवण्याची क्षमता या तिन्हींना स्वतंत्र गुण देतात आणि शेवटी त्यांची बेरीज मांडतात. अमळनेर ते जळगाव असा रोजचा प्रवास मेमूने, म्हणजे विजेवर धावणाऱ्या कमी अंतराच्या रेल्वेगाडीने, करताना वेगवेगळ्या किमतींचे हेडफोन मी आलटून पालटून वापरले आहेत आणि त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की या तीन गोष्टी वेगळ्या मोजताच येत नाहीत. हेडफोनचे टोक कानाच्या नळीत कसे बसते आणि तिथे फट राहते की नाही, यावर तिन्हींचे भवितव्य ठरते. फट राहिली की बाहेरचा गोंगाट आत येतो, आतला खर्ज बाहेर निसटतो, आणि ते भरून काढण्यासाठी आपण हेडफोन पुन्हा पुन्हा आत दाबत राहतो, त्यामुळे तासाभरात कान दुखू लागतो. महागडा हेडफोन घेऊनही ‘आवाज पोकळ वाटतो’ अशी तक्रार करणारे जे परिचित मला भेटतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना मी आधी टोकावरचे मऊ रबर बदलून पाहायला सांगते.

प्रौढ माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. ती सरळ नसते, तिला वळणे असतात आणि तिचे तोंड बहुधा लंबगोल असते. बाहेरचा साधारण एक तृतीयांश भाग कूर्चेचा असल्यामुळे थोडाफार दबतो. आतला भाग हाडाचा असतो आणि त्यावरची त्वचा अतिशय पातळ व हळवी असते. स्त्रियांच्या कानाची नळी सरासरीने पुरुषांपेक्षा लहान असते, आणि एकाच व्यक्तीच्या डाव्या-उजव्या कानांतही फरक असू शकतो. माझ्या डाव्या कानाला मधल्या मापाचे रबर लागते आणि उजव्याला लहान. खोक्यात तीन मापांच्या जोड्या मिळतात, पण दोन्ही कानांना एकच माप हवे असा कोणताही नियम नाही.

फट पडल्यावर खर्जच का जातो, हे समजून घेण्यासारखे आहे. नळी पूर्ण बंद असते तेव्हा हेडफोनमधला इवलासा पडदा पुढच्या मोजक्या हवेला दाबतो आणि सैल सोडतो. पडद्याची हालचाल जेमतेम असली तरी त्या बंदिस्त हवेतला दाब कानाच्या पडद्यापर्यंत पुरेपूर पोहोचतो. थोडीशी जरी वाट मिळाली तरी संथ कंपनांचा दाब त्या वाटेने बाहेर निघून जातो. वरच्या पट्टीची कंपने इतकी जलद असतात की त्यांना निसटायला अवकाश मिळत नाही, म्हणून ती जवळजवळ जशीच्या तशी ऐकू येतात. परिणाम असा होतो की तबल्याची चाट ठसठशीत वाजते आणि डग्ग्याची घुमक मात्र नाहीशी होते. ऐकताना दोन्ही हेडफोन बोटांनी हलकेच आत दाबून पाहावेत. डग्गा एकदम भरून आला, तर रबर लहान पडते आहे किंवा तिरके बसले आहे, असे खुशाल समजावे.

बसवण्याची रीतही सांगायला हवी, कारण खोक्यातल्या कागदावर ती असली तरी कोणी वाचत नाही. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी. त्यामुळे नळीचे वळण काहीसे सरळ होते. मग हेडफोन किंचित फिरवत आत सरकवावा आणि पाळी सोडून द्यावी. फोमचे, म्हणजे स्पंजासारखे दबणारे, रबर असेल तर ते आधी दोन बोटांत वळून बारीक करावे, कानात घालावे आणि ते फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावे. हा फोम तापमानाप्रमाणे वागतो, हे आपल्याकडच्या हवेत फार स्पष्ट जाणवते. जानेवारीच्या पहाटे फलाटावर तो इतका ताठर असतो की बोटांच्या उबेने मऊ करूनच वळावा लागतो, आणि कानात गेल्यावरही बराच वेळ तो हळूहळूच उलगडतो. तोच फोम मे महिन्यात, पारा ४४-४५ अंशांवर असताना, नीट बारीक होण्याआधीच बोटांत फुगू लागतो. म्हणून उन्हाळ्यात तो घाईने घालावा लागतो आणि हिवाळ्यात धीराने.

आता गोंगाटाकडे वळते. मेमूच्या डब्यातला आवाज एकसुरी नसतो. खाली चाकांची आणि मोटारीची सलग घरघर असते, वर पंख्यांची भणभण, खिडकीतून येणारा वारा, दोन बाकांमधल्या गप्पा आणि या सगळ्यांना छेदून जाणारी चहावाल्याची आरोळी. हे वेगवेगळ्या पट्ट्यांचे आवाज आहेत आणि ते अडवण्याचे दोन मार्गही वेगवेगळ्या पट्ट्यांत काम करतात. पहिला मार्ग म्हणजे साधा अडसर, म्हणजे कानात घट्ट बसलेले रबर किंवा फोम. दुसरा मार्ग नॉइज कॅन्सलेशनचा. त्यात हेडफोनमधला मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि आतले सर्किट त्याच्या नेमकी उलटी कंपने तयार करून तो खोडते. बोस या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली झुरिचहून परतताना विमानात सुचली आणि त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा पहिला हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. उलटी कंपने नेमक्या क्षणी तयार व्हावी लागतात, म्हणून संथ आणि सलग आवाजांवर, ढोबळमानाने १००० हर्ट्झच्या (सेकंदाला १००० कंपनांच्या) खाली, हे तंत्र उत्तम चालते. वरच्या पट्टीत आणि अचानक उमटणाऱ्या आवाजांवर त्याचा प्रभाव ओसरतो.

हा फरक मला सर्वांत स्वच्छ कळला तो घरच्या कूलरसमोर. खान्देशात मार्च संपत आला की घरोघरी कूलर सुरू होतात आणि पावसाळा येईपर्यंत तोच घराचा कायमचा आवाज असतो. कूलरच्या आवाजात दोन पदर असतात. एक पंख्याची आणि मोटारीची खालच्या पट्टीतली घरघर आणि दुसरा, गवताच्या जाळ्यांवरून ओघळणाऱ्या पाण्याचा आणि जोराने सुटणाऱ्या हवेचा वरच्या पट्टीतला फसफसाट. नॉइज कॅन्सलेशन सुरू करताच घरघर जणू कुणी बटण दाबून बंद करावी तशी जाते, पण फसफसाट तसाच राहतो आणि मागचा आधार गेल्यामुळे तो उलट अधिक उघडा पडतो. फोमचे रबर लावलेला साधा वायरचा हेडफोन घातला की दोन्ही पदर एकत्र खाली जातात; घरघर थोडी उरते, फसफसाट जवळजवळ संपतो. म्हणूनच नॉइज कॅन्सलेशनच्या बिनवायरी हेडफोनलाही नीट मापाचे रबर लावणे सोडू नये. अर्धे काम सर्किट करते, उरलेले अर्धे रबरालाच करावे लागते.

केवळ अडसराच्या बळावर गोंगाट थोपवणाऱ्यांत इटिमॉटिक या अमेरिकी कंपनीचे नाव आदराने घ्यावे लागते. मीड किलियन यांनी स्थापन केलेल्या या कंपनीने १९९१ साली ईआर-४ हा हेडफोन काढला. श्रवणयंत्रांसाठी वापरला जाणारा चिमुकला बॅलन्स्ड आर्मेचर जातीचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, त्यात होता आणि एकावर एक तीन छत्र्यांसारखे दिसणारे रबर नळीत खोलवर घालायचे होते. त्याच घराण्यातल्या ईआर-४ एसआरसाठी कंपनी ३५ ते ४२ डेसिबल (आवाजाच्या तीव्रतेचे एकक) अडवण्याचा दावा करते. शुअर कंपनी आपल्या एसई २१५ साठी ३७ डेसिबलपर्यंतचा दावा करते. हे आकडे हेडफोन अगदी नीट बसल्यावरचे आहेत, हे लक्षात ठेवावे. घाईत, तिरक्या बसलेल्या रबराने त्यातले बरेचसे हातचे जाते. तरीही या दोन्हींपैकी कोणताही नीट बसवला की मेमूतल्या गप्पा पुसट होतात आणि चहावाला अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही.

या अडवण्याचा संबंध केवळ सोयीशी नाही, कानाच्या आरोग्याशीही आहे, आणि मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाहेर गोंगाट असला की आपण नकळत आवाज वाढवतो, कारण गाणे त्या गोंगाटाच्या वर यायला हवे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढांनी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणे ही सुरक्षित मर्यादा आहे. लहान मुलांसाठी हीच पातळी ७५ डेसिबल धरली आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्म्यावर येतो, आणि ९० डेसिबलला तो आठवड्याला जेमतेम ४ तास उरतो. रोज येऊन जाऊन दोन तास प्रवास करणारा माणूस गाडीच्या गोंगाटावर मात करण्यासाठी त्या पातळीला गेला, तर त्याची आठवड्याची मर्यादा मंगळवारी संध्याकाळीच संपते. चांगला अडसर असलेल्या हेडफोनवर मी घरी शांत खोलीत जितक्या आवाजात ऐकते, साधारण तितक्याच आवाजात गाडीतही ऐकू शकते. या एका कारणासाठी मी दिसायला सुंदर पण मागून मोकळ्या असलेल्या हेडफोनपेक्षा बंद बांधणीचा हेडफोन प्रवासासाठी निवडते.

आवाजाच्या गुणवत्तेबद्दल लिहिताना आधी ऐकण्याचे साहित्य सांगायला हवे, नाहीतर सारे शब्द हवेत राहतात. माझे वडील, अण्णा, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि एकादशीच्या भजनाची काही ध्वनिमुद्रणे माझ्याकडे आहेत. त्या खोलीत मी स्वतः बसलेली असते, म्हणून खरा आवाज कसा होता हे मला ठाऊक असते. पेटीचा स्वर सुरू होण्याआधी भाता हलल्याचा जो बारीकसा श्वास येतो, टाळांचा किणकिणाट विरत जाताना जी शेपटी उरते, आणि मृदंगाच्या ज्या डाव्या तोंडावर कणकेचा लेप लावतात त्याची ओलसर, गोल घुमक, या तीन गोष्टी मी प्रत्येक हेडफोनवर शोधते. पेटी आणि गळा मधल्या पट्टीची परीक्षा घेतात, टाळ वरच्या पट्टीची आणि मृदंग खर्जाची. याखेरीज लग्नाच्या वरातीत संबळासोबत वाजणारी पावरी या फुंकवाद्याची चाल मी आवर्जून ऐकते, कारण तिच्यातला टोकदार सूर आणि खालचा ठेका एकाच वेळी गर्दी करतात आणि लेचापेचा ड्रायव्हर तिथे गडबडतो.

तुलना करताना एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागते. दोन हेडफोनपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा असतो तोच आपल्याला अधिक चांगला वाटतो, मग त्याची प्रत काहीही असो. शिवाय आवाज लहान असला की खर्ज आणखी कमी ऐकू येतो. कानाची ही सवय फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवली होती. त्यामुळे एकाच गाण्याचा एकच भाग, दोन्हींवर आवाज शक्य तितका समान करून, लागोपाठ ऐकला तरच निवाडा करण्यात अर्थ आहे.

मूनड्रॉपचा चू-२ हा माझ्याकडच्या वायरच्या हेडफोनांत सर्वांत स्वस्त आहे. त्यात १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर आहे, म्हणजे स्पीकरसारखाच चुंबक, तारेचे वेटोळे आणि पडदा. त्याचा आवाज मोकळा आणि स्पष्ट आहे. टाळ लख्ख वाजतात आणि गायकाचे शब्द एकही न हरवता पोहोचतात. शुअरचा एसई २१५ याच्या उलट स्वभावाचा आहे. त्यात खर्ज भरीव आहे, मृदंग छातीत जाणवतो, पण टाळांची शेपटी लवकर मिटते. फायनल या जपानी कंपनीच्या ई-३००० मध्ये ६.४ मिलिमीटरचा छोटा ड्रायव्हर पोलादी नळकांड्यात बसवलेला आहे. त्याचा मऊपणा मला अतिशय प्रिय आहे. रात्री उशिरा विलंबित ख्याल ऐकावा तर याच्यावर, कारण तानपुरा गायकाच्या मागे नीट पसरतो आणि कोणताही सूर कानाला टोचत नाही. मात्र त्याच्या पाठीला हवेसाठी जाळी आहे, त्यामुळे बाहेरचे बरेच आत येते, आणि त्याला फोनचा आवाजही इतरांपेक्षा वाढवावा लागतो. तो घरातला, निजानीज झाल्यानंतरचा हेडफोन आहे. इटिमॉटिकच्या ईआर-४ एसआरवर मात्र पेटीच्या भात्याचा श्वास सर्वांत स्वच्छ ऐकू येतो. अण्णांना मी तो घालून दिला तेव्हा त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, “बाई, माझ्या पेटीच्या काळी दोनची पत्ती ओरडतेय, ती उद्या घासायला हवी.” इतका बारकावा इतर हेडफोनवर त्यांनाही जाणवला नव्हता. खर्ज त्यात जेवढ्यास तेवढा आहे. वरातीच्या संगीतासाठी तो कुणाला कोरडा वाटेल.

हे स्वभाव वेगवेगळे का होतात, याचे एक कारण कानातच आहे. मोकळ्या कानाची नळी साधारण ३००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपोआप वाढवते आणि आयुष्यभर आपण जग त्याच वाढीसह ऐकलेले असते. नळीत बूच बसले की ती नैसर्गिक वाढ बदलते, म्हणून हेडफोन बनवणाऱ्याला ती स्वतः भरून द्यावी लागते. कमी भरली तर गळा पडद्याआडून आल्यासारखा वाटतो, जास्त भरली तर सनई आणि स्त्रीस्वर कर्कश होतात. किती भरावी यावर हरमन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांच्या पसंतीच्या चाचण्या घेऊन एक आलेख मांडला आणि आज अनेक कंपन्या त्याच्या जवळपास राहण्याचा प्रयत्न करतात. स, श, ष ही अक्षरे शिट्टीसारखी टोचू लागली, तर दोष बहुतेक वेळा याहून वरच्या, ६००० ते ९००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि अशा वेळी फोमचे रबर लावल्याने टोचणी बरीच बोथट होते.

आरामाचा विचार करताना आपल्याकडची हवा आणि आपला पेहराव बाजूला ठेवून चालत नाही. उन्हाळ्यात स्थानकापर्यंत जाताना मी स्कार्फ बांधते, तसा इथली प्रत्येक बाई बांधते. पुरुष रुमाल गुंडाळतात. स्कार्फ कानावर दाबून बसतो, आणि हेडफोन कानाबाहेर डोकावत असेल तर तो दाब थेट नळीच्या भिंतीवर येतो. म्हणून कानाच्या खोलगट भागात पूर्ण सामावणारा, वायर कानावरून मागे नेणारा आकार मला सोयीचा पडतो. एसई २१५ आणि चू-२ या आकाराचे आहेत. वायर सरळ खाली सोडणाऱ्या हेडफोनमध्ये वायरीवर कापड घासले की खरखर थेट कानात उतरते. वायर कानावरून घेतली की ती खरखर बरीच मरते. ईआर-४ एसआर सरळ खाली लटकतो, पण त्याच्या वायरीला कपड्यांना लावायची क्लिप असते आणि ती लावल्यावर त्रास कमी होतो. चष्मा असेल तर आधी वायर कानावरून घ्यावी आणि मग चष्म्याची दांडी ठेवावी. कानात वेल किंवा मोठी कर्णफुले असतील तर वायर त्यात अडकते, एवढे ध्यानात ठेवावे.

घट्ट बसणाऱ्या हेडफोनची एक बाजू सर्वांना रुचत नाही. नळी बंद झाली की स्वतःचा आवाज, चावणे आणि पावलांची धप् धप् हे सारे हाडांमधून येऊन आतच घुमू लागते. अमळनेर स्थानकाचा दादरा, म्हणजे पादचारी पूल, चढताना प्रत्येक पाऊल डोक्यात वाजते. गंमत अशी की रबर अर्धवट आत असते तेव्हा हे घुमणे जास्त असते आणि हाडाच्या भागापर्यंत खोल गेले की कमी होते. पण इतके खोल जाणे इटिमॉटिकसारख्या रचनेतच शक्य असते, आणि पहिले काही दिवस ते खुपते. ज्यांना ते सोसत नाही, त्यांनी मापाचे फोम लावून समाधान मानावे. दुखरा कान घेऊन संगीत ऐकण्यात काहीच हाशील नाही. घामाने सिलिकॉनचे रबर घसरते, म्हणून ते दर आठवड्याला साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावावे. फोम धुता येत नाही; घाम आणि कानातला मळ शोषून तो काही महिन्यांत कडक होतो आणि बदलावाच लागतो.

बिनवायरी हेडफोनबद्दल थोडक्यातच लिहिते. ते सोयीचे आहेत, पण प्रत्येक कानाच्या भागात बॅटरी असल्याने आकार मोठा होतो आणि बॅटरी थकली की सहसा सारा हेडफोनच टाकून द्यावा लागतो. वायरचा हेडफोन, त्यातही वायर सुटी होणारा असेल, तर वर्षानुवर्षे चालतो. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचे छोटे डॉन्गल लावून काम भागते.

रस्त्यावर मात्र यांपैकी काहीही वापरू नये. धुळे, जळगाव, भुसावळ जोडणाऱ्या ५३ क्रमांकाच्या महामार्गावर दुचाकी चालवताना कानात हेडफोन घातलेली मुले पाहिली की माझा जीव वरखाली होतो. रूळ ओलांडतानाही तेच. जो हेडफोन चहावाल्याची आरोळी अडवतो, तो ट्रकचा भोंगाही अडवतो. ज्यांत बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय आहे, तेसुद्धा मी वाहन चालवताना काढूनच ठेवते.

माझा भाचा जळगावच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि दिवसाचे कित्येक तास व्याख्याने ऐकतो. त्याने सल्ला विचारला तेव्हा मी त्याला चू-२ आणि फोमच्या दोन जोड्या घ्यायला सांगितल्या. व्याख्यानासाठी खर्ज लागत नाही, शब्द लागतात, आणि फोममुळे शेजारच्या खुर्च्यांची करकर अडते, म्हणून फोनचा आवाज निम्म्याखाली ठेवूनही भागते. तासाभराने दहा मिनिटे कान मोकळे ठेवायची सवयही त्याला लावली आहे. वेगळे रबर मागवताना हेडफोनच्या तोंडाची जाडी आधी पाहून घ्यावी, हे त्याला जसे सांगितले तसे इथेही सांगते: शुअर आणि इटिमॉटिकच्या हेडफोनची तोंडे बारीक असतात आणि इतर बहुतेकांची जाड, त्यामुळे जाड तोंडाचे रबर बारीक तोंडावर सैल राहते, आणि सैल रबर हेडफोन बाहेर काढताना कानातच राहून जाण्याचा धोका असतो. तसे झाल्यास काडीने किंवा चिमट्याने ओढाओढ न करता सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे.